युद्धस्मृती आणि माणसांची गणना

शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. १७६५ साली इंग्रजांनी तो जिंकून त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. १९७१ च्या युद्धातील कराचीवरील हल्ल्याचे स्मरण म्हणून ४ डिसेंबरला पाळला जाणारा नौदल दिन २०२३ साली येथे साजरा झाला. त्याच दिवशी राजकोट येथे महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला, आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधारी व विरोधक परस्परांवर तुटून पडले. ज्या कोळी-भंडारी खलाशांनी आरमार चालविले, त्यांचे स्मरण या कलहात कोणी केले? राजसत्ता युद्धाची स्मृती जपते, ती आपल्या सोयीने.

हा प्रश्न आपल्या परंपरेलाही विचारला पाहिजे. 'महावंसा'च्या २५ व्या परिच्छेदात एळारावर विजय मिळविलेला दुट्ठगामणी राजा संहाराच्या आठवणीने व्यथित होतो. अर्हत त्याचे सांत्वन करतात ते असे: मेली ती केवळ दीड माणसे, एक त्रिशरण घेतलेला व दुसरा पंचशील पाळणारा; उरलेले पशुवत. धम्मपदातील दण्डवग्गाशी याचा मेळ कसा घालावा? हे बुद्धवचन नव्हे. राजाश्रयाने वाढलेल्या महाविहाराचे ते इतिहासलेखन आहे. विसाव्या शतकात सिंहली राष्ट्रवादाने याच ग्रंथाचा आधार घेतला.

याउलट अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंगातील एक लाख मृतांची व दीड लाख बंदींची स्वतः गणना केली. परंतु खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, तो लेख कोरलेला नाही. पश्चात्तापालाही राजनीतीची मर्यादा पडली.

भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने १८१८ च्या लढाईतील स्वतःच्या विजयासाठी उभारला. त्यावर 'नाक' प्रत्ययाची २२ नावे असूनही इंग्रजांनी १८९२ साली महारांची लष्करभरती बंद केली. १ जानेवारी १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जाऊन ती नावे मानवी हक्कांच्या लढ्याशी जोडली. हेही राजकारणच होते. परंतु ज्यांना माणूस म्हणून गणले जात नव्हते, त्यांना गणनेत आणणारे.

हाच निकष आपणांसही लागू आहे. पेशव्यांच्या बाजूने पडलेले अरब, गोसावी व मराठा शिपाई त्या स्तंभावर नाहीत. अभिवादन करताना आपण त्यांस वगळले, तर दीड माणसाचा हिशेब आपलाही ठरेल.