गवय दोन, गाय कुठेच नाही: फोन-टॅब्लेटच्या तुलनेविषयी



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मोबाइलवर काय बोलायचे, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर आम्हाला इथून दिसतो आहे. पण आजचा खरा विषय मोबाइल नाहीच. विषय आहे तुलना. दोन वस्तू शेजारी ठेवून "ही त्यापेक्षा बरी" असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय करतो? आणि ती वस्तू घरी आणून आपलीशी करतो, तेव्हा ती खरोखर आपली होते का? दोन्ही प्रश्न जुने आहेत. फोन आणि टॅब्लेट हे आजचे निमित्त.

सुरुवात घरापासून करू. गेल्या वर्षी आम्हाला वाचनासाठी टॅब्लेट घ्यायचा होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, पुस्तकांचा टाइप बारीक वाटू लागलेला. नातवाने तक्ता करून दिला. दोन टॅब्लेट, दोन रकाने. खाली प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, कॅमेरा, बॅटरी, किंमत. म्हणाला, "आजोबा, आता तुम्हीच ठरवा. सगळं समोर आहे." आम्ही तक्ता तीनदा वाचला. सगळे समोर होते आणि कळत काहीच नव्हते. आधी वाटले, दोष आमच्या वयाचा. मग लक्षात आले, दोष तक्त्याच्या तर्कात आहे.

न्यायदर्शनात एक प्रसिद्ध उदाहरण येते. गावातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो बरं का. पुढे रानात गाईसारखा प्राणी दिसतो आणि याला कळते, हाच तो गवय. नैयायिक या ज्ञानाच्या साधनाला उपमान म्हणतात आणि ते स्वतंत्र प्रमाण मानतात. वैशेषिक आणि बौद्ध तसे मानत नाहीत. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला एवढेच घ्यायचे आहे की हे ज्ञान गाईवर उभे आहे. गाय गोठ्यात आहे, तिची शिंगे, तिची चाल माहीत आहे, म्हणून गवय कळतो. नातवाच्या तक्त्यात काय होते? दोन्ही रकान्यांत गवयच. गाय कुठेच नाही!

इंचांचेच बघा. पडदा कर्णाने मोजतात. समजा दोन टॅब्लेट, दोन्ही १० इंची. एकाच्या पडद्याचे प्रमाण ४:३, दुसऱ्याचे १६:१०. तक्त्यात दोन्हीकडे '१० इंच'. आता पायथागोरसाला कामाला लावा. पहिला पडदा ८ बाय ६, म्हणजे ४८ चौरस इंच. दुसरा साधारण ८.५ बाय ५.३, म्हणजे ४५. तर मग पहिला मोठा? थांबा. आमच्याकडे प्रबंधांची स्कॅन केलेली ए-फोर पाने पुष्कळ. अख्खे पान उभे बसवले, तर पहिल्यावर त्याची रुंदी साधारण ५.७ इंच येते, दुसऱ्यावर ५.३. पहिला जिंकला. आता डेमी आकाराचे पुस्तक घ्या, साडेपाच बाय साडेआठचे. पहिल्यावर त्याची रुंदी ५.२ इंच, दुसऱ्यावर ५.३. आता दुसरा जिंकला, थोडक्यात का होईना. वस्तू त्याच, इंच तेच. वाचायचे काय हे बदलले आणि निकाल उलटला. हे 'वाचायचे काय' म्हणजे गाय. ती तक्त्यात मावत नाही, कारण ती वस्तूत नसून वापरणाऱ्याकडे असते.

कॅमेऱ्याचेही तसेच. १०८ मेगापिक्सेल असे डब्यावर लिहितात. पण असे कित्येक कॅमेरे नेहमीच्या फोटोसाठी नऊ-नऊ बिंदू एकत्र करून एक बिंदू बनवतात आणि हाती येतो तो १२ मेगापिक्सेलचा फोटो. आकडा खोटा नाही. आपण विचारले, "नातीचा फोटो चांगला येईल का?" आणि आकडा उत्तर देतो वेगळ्याच प्रश्नाचे.

आता दुसरा भाग, आपलेसे करण्याचा. सरकारी परिभाषेत 'सानुकूलन' म्हणतील. आम्हाला 'आपलेसे करणे' बरे वाटते.

आमचे एक स्नेही आहेत, महाविद्यालयातले जुने सहकारी. दृष्टी अधू. सहा वर्षे एकच फोन. पार्श्वभूमी काळी, अक्षरे पांढरी आणि टपोरी, पहिल्या पानावर चारच चित्रे: मुलगी, डॉक्टर, रेडिओ, टिपणवही. कुठले चित्र कुठे, हे डोळ्यांना नाही तरी अंगठ्याला पाठ. मुलीने प्रेमाने नवा फोन घेऊन दिला. प्रत्येक रकान्यात सरस. त्यानंतर सहा आठवडे या गृहस्थांनी आपणहून कोणाला फोन केला नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "अहो, घर तेच आहे, पण कुणीतरी दारं हलवलीत." दोन तास बसून आम्ही वेगळा लाँचर टाकला, चार चित्रे जागेवर आणली, अक्षरे मोठी केली. महिनाभराने रात्रीत एक अपडेट आले आणि पहिले पान पुन्हा कंपनीचे झाले. कोणी विचारले नव्हते.

तुम्ही म्हणाल, हा म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न. नाही हो, आपल्या भाषेचाही आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या कित्येक फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत, आठवते ना? तेव्हा लोक काय करत? ऑपेरा मिनीच्या छुप्या सेटिंगमध्ये जाऊन कठीण लिप्यांसाठी अक्षरांची चित्रे मागवत. काहींनी तर फोन रूट करून देवनागरी फाँट बसवले. अँड्रॉइडने बाहेरचे कीबोर्ड २००९ साली येऊ दिले. आयफोनवर ती मुभा २०१४ मध्ये आली. आपल्या सरकारने २०१६ साली अधिसूचना काढली, की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीसही अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. म्हणजे जे काम आधी हौशी पोरे कुलूप उघडून करत होती, ते पुढे नियमात आले. 'दुसऱ्या' शब्दातला ऱ्य नीट उमटावा ही काय चैन आहे?

पण कुलूप उघडायचा अधिकार कोणाचा? अमेरिकेत यावर झालेला निर्णय तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे. तिथल्या कॉपीराइट कायद्यात डिजिटल कुलूप तोडण्यास मनाई आहे आणि त्याला अपवाद ठरवण्याचे काम काँग्रेसच्या ग्रंथपालाकडे आहे. २०१० साली स्मार्टफोनला सूट मिळाली: मालकाला आपल्या पसंतीचे अ‍ॅप चालवण्यासाठी कुलूप काढता येईल. २०१२ साली टॅब्लेटसाठीही ती मागितली गेली आणि नाकारली गेली. कारण? टॅब्लेट म्हणजे नेमके काय, ई-बुक रीडर त्यात धरायचा की नाही, याची सीमा स्पष्ट नाही. २०१५ साली टॅब्लेटला सूट मिळाली. मधली तीन वर्षे तोच माणूस, तीच कंपनी, जवळजवळ तीच आज्ञावली. पडदा लहान असेल तर मोकळीक, मोठा असेल तर नाही. व्याख्या ही पंडितांची करमणूक नसते, मित्रहो. व्याख्येने अधिकार मिळतो आणि जातोही.

इथे पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कुलूप आमच्याच रक्षणासाठी आहे, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. फोनवरून फसवणूक झालेली माणसे या सभागृहातही असतील. रूट केलेल्या फोनवर बँकांची कित्येक अ‍ॅप्स चालत नाहीत, त्यामागे हीच भीती आहे. आमचे उत्तर असे: कुलूप हवेच. आम्हीही रात्री कडी लावतो. पण कडी आतून लावतो. बाहेरून लावलेल्या कडीला आपण सुरक्षा म्हणत नाही, दुसरा शब्द वापरतो. किल्ली घेणाऱ्याला धोका समजावून सांगा, सही घ्या, पण किल्ली मागण्याचा अधिकार ठेवा. आणि निदान रात्रीत दारे हलवू नका.

वॉलपेपर बदलला, रिंगटोन बदलली, चित्रे गोल केली म्हणजे फोन आपला झाला, हा समज सोडावा लागेल. भाड्याच्या खोलीत कॅलेंडर लावता येते. खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावे लागते. पैसे मात्र आपण पूर्ण किमतीचे मोजलेले असतात, भाड्याचे नव्हे.

म्हणून खरेदीला जाताना तक्ता घरी ठेवा आणि गाय सोबत न्या. आम्ही तेच केले. प्रबंधाची चार पाने आणि एक डेमी पुस्तक पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात गेलो आणि दोन्ही टॅब्लेटवर उघडून पाहिले. आमचे वाचन प्रबंधांचे जास्त, म्हणून ४:३ चा घेतला. त्याचा प्रोसेसर तक्त्यात हरलेला होता. दुकानदाराला आणखी दोन प्रश्न विचारले. मी केलेली मांडणी अपडेटनंतर राहील का? आणि अपडेट किती वर्षे मिळतील? पहिल्या प्रश्नावर तो हसला. म्हणाला, "काका, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

तुम्ही विचारा. दहा जणांनी विचारले तर तक्त्यात आणखी एक रकाना येईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.