म्हातारा मेला म्हणतात

‘म्हातारा मेला’ ही बातमी खरी असो की खोटी, ती ऐकून कोण हसतं, कोण रडतं आणि कोण ती घेऊन पुढच्या गावाला चालत जातं, यावरून मुलूख ओळखावा. गॅब्रिएल गार्सिया मार्केझच्या ‘द ऑटम ऑफ द पॅट्रिआर्क’मध्ये पहिले दोघं आहेत. तिसरा नाही. माझं भांडण तेवढ्यापुरतं. पण आधी तिचं देणं देऊन टाकतो.

१९७५ साली ही कादंबरी स्पॅनिशमध्ये आली, १९७६ साली ग्रेगरी रबासानं इंग्रजीत आणली. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. सहा प्रकरणं, प्रकरणात परिच्छेद नाही, वाक्य पानंच्या पानं पळतं, मध्येच बोलणारा बदलतो. सदाशिवपेठी समीक्षक याला ‘प्रयोग’ म्हणतील. म्हणू द्या. आमच्या खात्यात मालकाच्या आजारपणाची बातमी अश्शीच फिरते. शुगर वाढली, मुंबईला नेला, पोरगा परदेशातून निघाला. कोण म्हणालं ते कुणी विचारत नाही, अन्‌ सुट्टी संपून साचे सुरू झाले तरी वाक्य संपत नाही. मार्केझनं ही बोली कान देऊन ऐकलीय.

गिधाडं राजवाड्यात शिरतात तेव्हा लोकांना कळतं की आत काहीतरी मेलंय. प्रेत सापडतं, पण त्याला ओळखणार कोण? जिवंत असताना त्याला धड कुणी बघितलेलंच नाही. शिवाय हे मरण दुसऱ्यांदाचं. पहिल्यांदा मेला तो त्याचा तोतया, पात्रिसिओ आरागोनेस. (तोतया आपल्याला नवा नाही, पानिपतानंतर भाऊसाहेबांचा निघाला होताच.) लोक नाचले, प्रेताची विटंबना केली, अन्‌ खरा म्हातारा लपून बघत होता. कोण रडलं, कोण नाचलं, सगळं त्यानं मनात टिपून ठेवलं. मग हिशेब चुकता केला. त्या दिवसापासून त्याच्या मरणावर कुणाचाच विश्वास बसत नाही. अफवा म्हणजे गरिबाचं वर्तमानपत्र, हे सगळेच सांगतात. पण तेच वर्तमानपत्र सत्तेच्या हेराचंही काम करतं, हे मार्केझनं दाखवलं. ह्या पानांसाठी त्याला सलाम.

हे सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडू नका. १७०५ साली वाकिनखेडा घेतल्यावर औरंगजेब कृष्णाकाठी देवापूरला आजारी पडला. वय ८६. सुरुवातीला जिद्दीनं लोकांना तोंड दाखवत राहिला, पुढं ते जमेना. छावणीत बोंब उठली, बादशहा गेला. आता परमुलखातून आपण जिवंत कसे सुटणार, ह्या भयानं सगळी छावणी घाबरली. म्हातारा त्यातून उठला, अहमदनगरपर्यंत आला आणि १७०७ साली तिथंच मेला. आपले ऐतिहासिक कादंबरीवाले ह्या तंबूत शिरले की पश्चात्ताप, तसबी, थरथरता हात! तंबूच्या दोऱ्या ताणणारे, पालखी वाहणारे त्यांना दिसत नाहीत. मार्केझ निदान रस्त्यावर तरी उभा राहतो.

आता भांडण. कादंबरी ‘आम्ही’ म्हणून बोलते. हे ‘आम्ही’ कोण? शेवटी म्हातारा खरंच मरतो, लोक रस्त्यावर गाणी म्हणतात, घंटा वाजतात, न संपणारा काळ संपला म्हणून आनंदीआनंद. च्यायला, इतकं सोपं? गोव्यावर १९६१ पर्यंत ज्याची हुकूमत होती तो सालाझार १९६८ साली खुर्चीवरून पडला. खुर्ची कायतानोला दिली. म्हाताऱ्याला कुणी सांगितलंच नाही, तो १९७० साली मरेपर्यंत स्वतःला पंतप्रधान समजत राहिला. राज्य मात्र चालू, आफ्रिकेतल्या लढाया चालू. एप्रिल १९७४ मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी उठाव केला तेव्हा ते पडलं.

आणि आमच्याकडं? मर्तिकाची खबर गावोगाव पोचवणं हे महारकीचं काम होतं. ऊन असो, पाऊस असो, काठी घेऊन निघायचं. पाटील मेला, सांगावा आमचा. मेलेलं ढोर ओढायचं तेही आम्हीच. म्हणजे दुसऱ्याच्या मरणाची बातमी आमच्या पायांनी चालायची, पण ती आमची नसायची. औरंगजेब गेला, पेशवे आले, पेशवे गेले, इंग्रज आले, सांगावा घेऊन जाणारा तोच. १९२८ साली बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मुंबई कौन्सिलात आणलं. वतनं कायद्यानं गेली ती थेट १९५८ च्या कायद्यानं. ह्या राजवटीला ना ताप येत होता ना खोकला. तिच्या तब्येतीची अफवा कुणी उठवायची?

मार्केझला महारवाडा ठाऊक नव्हता, तो त्याचा गुन्हा नाही. पण त्याच्या ‘आम्ही’वर भाळून आपल्यातले काही कवी तसलंच सगळ्यांचं मिळून ‘आम्ही’ लिहायला लागलेत, गावाची अन्‌ गावकुसाबाहेरची एकच हाळी असल्यासारखं. त्यांना विचारायचंय, त्या रात्री घंटा वाजल्या तेव्हा सांगावा घेऊन कोण गेलं?

कादंबरी मात्र वाचा. शेवटचं प्रकरण अख्खं एका वाक्यात आहे. पाळीवर जायच्या आधी सुरू करू नका, लेटमार्क लागेल.