कंपित द्रवपृष्ठ : निम्म्या वारंवारतेच्या नियमाची मर्यादा
उभ्या कंपनात द्रवपृष्ठावरील तरंग प्रेरक कंपनाच्या निम्म्या वारंवारतेने दोलन पावतात, हे फॅरेडे यांचे १८३१ मधील निरीक्षण रॅले यांनी १८८३ मध्ये पडताळले. नादकाटा दोरीच्या दिशेत कंप पावत असता मेल्डेच्या प्रयोगातही हेच गुणोत्तर मिळते. विद्यार्थी मात्र ते सार्वत्रिक समजून पाठ करतात. श्यान-स्थितिस्थापक द्रवाला विकृतीची स्मृती असते. तिचा काळ कंपनकालाच्या जवळपास आला की तरंग प्रेरक वारंवारतेनेच उठू शकतात. मक्याच्या स्टार्चच्या दाट मिश्रणात तर २००४ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकांना न बुजणारी छिद्रे आढळली. ध्वनिवर्धक आणि स्टार्च वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांनाही दुर्लभ नाहीत. मेल्डेच्या दोरीशेजारी असे एक भांडे ठेवल्यास नियम कोठे मोडतो, हेही विद्यार्थ्याला पाहता येईल.