चूक कुणाची, कान कुणाचा?

पाचवीत असताना मी 'स्कूल'चा उच्चार 'इस्कूल' असा केला. गुरुजींनी तो तसाच म्हणून दाखवला आणि वर्ग हसला. बरोबर उच्चार त्यांनी सांगितलाच नाही. मी कुठल्या वस्तीतला, एवढे मात्र सर्वांना कळले. पुढे दोन वर्षे इंग्रजीच्या तासाला मी तोंड उघडले नाही.

म्हणूनच परभाषा शिकवणाऱ्या यंत्रमानवांविषयीचे संशोधन मी आस्थेने वाचतो. यंत्र हसत नाही, जात विचारीत नाही, दहाव्यांदा चुकले तरी कंटाळत नाही. ज्याची जीभ हशाने बांधली गेली, त्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात यंत्रमानवाने ७२ बालकांना इंग्रजी शब्द शिकवले. काहींना शिक्षकांना पसंत असलेल्या रीतीने शाबासकी व दुरुस्ती मिळाली, काहींना शिक्षक टाळतात त्या रीतीने, तर काहींना काहीच प्रतिसाद मिळाला नाही. पहिल्या गटातील मुले तिसऱ्यापेक्षा अधिक रमली. शब्द शिकण्यात मात्र फरक पडला नाही. अभ्यासकांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

माझा प्रश्न निराळा आहे. शाबासकी कशी द्यावी यावर एवढा खल होतो. पण चूक ठरवतो कोण? लहान मुलांचे बोलणे यंत्राला नीट कळत नाही, म्हणून अशा प्रयोगांत पुष्कळदा पडद्यावर बोट ठेवून उत्तर घेतले जाते. परंतु भाषा म्हणजे बोलणे, आणि उद्या हे यंत्र बोलणे तपासणारच. २०२० सालीच अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांच्या, बोलणे ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्यांच्या शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या शंभरामागे ३५. इंग्रजी ही ज्यांची मायबोली, त्यांचे हे हाल! चुकत होता तो यंत्राचा कान. असा कान लावलेला शिक्षक न हसता, अत्यंत सौजन्याने आपल्याला अशुद्ध ठरवील. गुरुजींचा राग तरी करता येत होता. या सौजन्याचा राग कुणावर काढायचा?

यंत्र नाकारा, असे मी म्हणत नाही. ज्यांना शिक्षणच नाकारले गेले, त्यांना शिकण्याचे कुठलेही साधन टाकून देणे परवडणारे नाही. पण त्याचा कान कुणाच्या आवाजांवर घडवला, हे आपण विचारलेच पाहिजे. आणि जिथे कळले नाही तिथे 'तू चुकलास' न म्हणता 'मला कळले नाही' असे म्हणायला त्याला शिकवले पाहिजे. माझ्या गुरुजींना हे वाक्य कधी सुचले नाही.