द्वित्ताचा ठोका : प्रभदीपचा ‘क्लास-सिख’

प्रभदीप या दिल्लीच्या तरुण गायकाचा ‘क्लास-सिख’ हा पहिला अल्बम २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात प्रसिद्ध झाला. त्याविषयी मराठी समीक्षेच्या नियतकालिकात लिहावयाचे, तर आधी स्वतःच्या अधिकाराविषयी दोन शब्द लिहिणे क्रमप्राप्त आहे. प्रस्तुत लेखक अनुवादक आहे, संगीतज्ञ नव्हे. पंजाबी ही त्याची मायबोली नाही. दिल्लीच्या परिसरातील दीर्घ वास्तव्यात प्रथम कानावर पडलेली आणि मागाहून पुस्तकांतून शिकलेली ती भाषा आहे. या अल्बममधील एका रचनेचा मराठी अनुवाद, केवळ हात चालता राहावा म्हणून, त्याने करून पाहिला आणि तो साफ फसला. त्या फसण्याच्या कारणांचा शोध घेता घेता जे हाती आले, त्यातून हा लेख झाला आहे.

रॅपगायनाविषयी आपल्याकडे जे थोडे लिहिले जाते, त्यात दोन पळवाटा ठरलेल्या आहेत. एक समाजशास्त्राची. वस्तीतील दारिद्र्य, व्यसन, बेकारी यांचा हा ‘जिवंत दस्तऐवज’ आहे असे म्हणावयाचे आणि मोकळे व्हावयाचे. दुसरी औदार्याची. ‘हेसुद्धा काव्यच आहे’ असे म्हणून गायकाला काव्याच्या पंक्तीत, अर्थात अगदी शेवटच्या पाटावर, बसवावयाचे. दोन्ही वाटांनी जाणाऱ्यास रचना ऐकण्याचा त्रास घ्यावा लागत नाही. केंड्रिक लमार या अमेरिकन गायकाच्या अल्बमला २०१८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले तेव्हा आपल्याकडील पुष्कळांनी रॅप हे काव्य ठरल्याचा आनंद व्यक्त केला. ते पारितोषिक संगीताचे होते, काव्याचे नव्हे, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

वस्तीचा उल्लेख मात्र टाळता येत नाही, कारण ती या रचनांच्या उच्चारातच आहे. प्रभदीप पश्चिम दिल्लीतील टिळकनगरचा. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांसाठी दिल्लीत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक. तिचे नाव लोकमान्यांचे आहे, ही गोष्ट मराठी माणसास सुखावते. तेथे गेल्यावर मात्र लोकमान्यांची आठवण होण्याचे काही कारण उरत नाही. दुकाने, गुरुद्वारे, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे आणि सर्वत्र पंजाबी. जवळच टिळकविहार आहे. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडात ज्यांची माणसे मारली गेली, त्या स्त्रियांना तेथे घरे देण्यात आली आणि लोक त्या वस्तीला आजही ‘विधवांची वसाहत’ म्हणतात. या भूमीवर वाढलेल्या मुलाने पंजाबीत गावे यात नवल नाही. नवल आहे ते त्याने काय गाण्याचे नाकारले यात. त्यापूर्वीच्या दशकात दिल्लीच्या पंजाबी रॅपने हनी सिंग, बादशाह यांच्याद्वारे लग्नाच्या वराती आणि हिंदी चित्रपट दोन्ही काबीज केले होते. मोटारी, मद्य आणि मुली या तीन मकारांवर त्या गाण्यांचा सारा संसार चाले. ‘क्लास-सिख’मध्ये नशा आहे, पण ती गल्लीतील मुलांना गिळणारी नशा आहे, पैसा आहे तो बहुधा नसल्यामुळेच आहे, आणि मित्रांचा उल्लेख आला की ऐकणाऱ्याने सावध व्हावे, कारण येथे मित्र गमावले जातात. आझादी रेकॉर्ड्स या दिल्लीतच त्याच वर्षी निघालेल्या छोट्या स्वतंत्र संस्थेने हा अल्बम काढला आणि त्याचे संगीत सेझ ऑन द बीट या टोपणनावाने काम करणाऱ्या संगीतकाराचे आहे. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ हे २०१५ चे गाणेही त्याच्याच हातचे.

शीर्षकापासूनच अनुवादकाची कोंडी सुरू होते. ‘क्लास-सिख’ हा उघड श्लेष आहे. ‘क्लासिक’ हा शब्द मोडून त्याच्या पोटातून ‘सिख’ बाहेर काढला आहे. आता ‘सिख’ म्हणजे मुळात शिष्य, शिकणारा. आणि ‘क्लास’ म्हणजे एकाच वेळी शाळेतला वर्ग आणि समाजातला वर्ग. सुदैवाने मराठीतही ‘वर्ग’ हा शब्द हे दोन्ही अर्थ वाहतो. परंतु अभिजाततेचा तिसरा अर्थ त्यात मावत नाही, आणि तोच तर या मुलाचा दावा आहे : पहिल्याच अल्बमला स्वतः ‘क्लासिक’ म्हणण्याचा. मराठी कानाला त्या शब्दाच्या शेवटी ‘शीक’ असे आज्ञार्थी रूपही ऐकू येते. ते कर्त्याच्या मनात असणे शक्य नाही, पण भाषांचे नाते असे न विचारता मदतीला येते.

आता फसलेल्या अनुवादाकडे वळतो. अर्थाची अडचण नव्हती. पंजाबी आणि मराठी या एकाच प्राकृत घराण्यातील बहिणी. शब्दाला शब्द सापडत होता. अडचण तेथेच होती. प्राकृतातील ‘हत्थ’, ‘कम्म’, ‘अज्ज’, ‘सत्त’ हे शब्द पंजाबीने जवळजवळ जसेच्या तसे ठेवले आहेत. मराठीने, आणि हिंदीनेही, त्यातील द्वित्त सोडले आणि त्या बदल्यात आधीचा स्वर लांबविला : हात, काम, आज, सात. भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असलेला हा नियम आहे. परंतु त्याचे कलादृष्ट्या किती दूरगामी परिणाम होतात, हे मला या अल्बममुळे प्रथम उमगले. ऱ्हस्व स्वर आणि लगेच त्यावर आदळणारे दुहेरी व्यंजन हा भाषेतला आयता ठोका आहे. तोंड क्षणभर बंद होते, श्वास अडतो आणि मग सुटतो. सेझच्या रचनांत खर्जातील ठोके आणि त्यांच्या मधली मोठी रिकामी जागा यांना फार महत्त्व आहे. प्रभदीपचे द्वित्त कधी त्या ठोक्यावर अचूक बसते, तर कधी मुद्दाम त्याच्या किंचित आधी पडून रिकाम्या जागेत एकटे वाजते. मराठीत ‘हत्थ’चा ‘हात’ केला की ठोक्याच्या जागी मींड येते. माझा अनुवाद अर्थाला प्रामाणिक होता आणि ओवीसारखा वाहत होता. त्या गल्लीत कोणी ओवीच्या चालीने चालत नाही.

हा गायक सरसकट पंजाबीतच राहत नाही. तो हिंदीत शिरतो, इंग्रजी शब्द उचलतो आणि परत येतो. या ये-जा करण्याला बरेच समीक्षक ‘दिल्लीची मिश्र भाषा’ असे म्हणून पुढे जातात. माझ्या मते येथे भाषा बदलते तेव्हा गती बदलते. हिंदीत स्वर लांबतात, उच्चार सैल होतो, जणू गायक गल्लीच्या तोंडाशी येऊन शहराशी बोलत आहे. पंजाबीत तो पुन्हा आत वळतो. त्यात पंजाबीचा आणखी एक विशेष असा, की ती सुरावटीची भाषा आहे : ‘घ’, ‘भ’, ‘ध’ यांतील महाप्राण नाहीसा होऊन त्याची भरपाई आवाजाच्या चढउताराने होते. म्हणजे रॅपमध्ये गाण्याची चाल टाकून दिली, तरी भाषेची स्वतःची चाल शिल्लक राहते. हा गायक आरंभी ब्रेकडान्स करीत असे. बोलण्याचे वजन अंगाने जोखण्याची त्याची सवय बहुधा तेथील असावी.

आपल्या छंदःशास्त्राला हे सारे मोजता येत नाही. माधवराव पटवर्धनांच्या ‘छन्दोरचने’ची भव्यता कोणी नाकारणार नाही, परंतु अक्षरे आणि मात्रा हीच त्या शास्त्राची मापे आहेत, आघात हे माप त्यात जवळजवळ नाही. मर्ढेकरांकडे मात्र जाता येते. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे जे तीन नियम मांडले, ते वृत्ताचे नियम नाहीत, संघटनेचे आहेत. अल्बमच्या आरंभीच्या ‘सुनो’ या रचनेला ते लावून पाहावे. वाद्यमेळ संथ, थबकत चालणारा. आवाज त्याहून घाईत आणि तरीही दबलेला. हा विरोध. श्रोता अपेक्षा करतो, की केव्हातरी आवाज चढेल आणि हा ताण सुटेल. आवाज चढत नाही. ताण तसाच राखून, केवळ शब्दांची दाटी कमीजास्त करून समतोल साधला जातो. क्रोधाच्या विषयावर क्रोध न करता बोलणे हा या रचनेचा घाट आहे, आणि तो घाट म्हणजेच तिचा आशय आहे. मर्ढेकरांना हे गायन रुचले असते की नाही, हा प्रश्न व्यर्थ आहे. पण आकाशवाणीत आयुष्य घालविलेल्या आणि १९५६ साली याच दिल्लीत देह ठेवलेल्या त्या समीक्षकाला ध्वनिक्षेपकासमोरच्या आवाजाचे मोल सांगावे लागले नसते.

‘सुनो’ या नावाविषयी एक गोष्ट जाता जाता नोंदवितो. अल्बमवर ते रोमन लिपीत छापले आहे. तेव्हा हिंदी ‘सुनो’ की पंजाबी ‘सुणो’, याचा उलगडा कागदावर होत नाही. ‘न’ आणि ‘ण’ यांवरून माणसाची पारख करणाऱ्या आपल्या समाजाला यातील गंमत समजावून सांगण्याची गरज नसावी.

या अल्बमने मला सारखी ‘गोलपिठा’ची आठवण करून दिली, विषयाच्या साम्यामुळे नव्हे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा तो संग्रह आला तेव्हा विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत आपल्याला न कळलेले शब्द प्रांजळपणे पुढे ठेवले आणि कवीकडून मिळालेले त्यांचे अर्थ नोंदविले. मराठी वाचकाला मराठी कवितेसाठी शब्दकोश लागला, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात फार मोठी आहे. परंतु तिचा एक दुष्परिणामही झाला. शब्दांचे अर्थ कळले म्हणजे कविता कळली असे आपण धरून चाललो आणि दीर्घकाळ ढसाळांच्या अनुभवाबद्दल बोललो, त्यांच्या वाक्यरचनेबद्दल बोललोच नाही. ‘क्लास-सिख’च्या बाबतीत तीच चूक नव्याने होत आहे. टिळकनगरची कोणती बोली, कोणती शिवी, कोणत्या अमली पदार्थाचे कोणते टोपणनाव, याची माहिती आता सहज मिळते. ती मिळाली तरी हे गाणे आपल्याला उद्देशून नाही, हे ध्यानात यावयास हवे. गायक गल्लीतल्या ‘तू’शी बोलत आहे, आपण जिन्यात उभे राहून ऐकत आहोत. आपल्यासाठी थांबून खुलासा करण्याचे त्याने नाकारले, यातच त्याचा कलावंत म्हणून संयम दिसतो.

दोषांविषयी बोलले पाहिजे, नाही तर मीही औदार्याच्या पळवाटेने गेलो असे होईल. आत्मप्रौढी हा या गायनप्रकाराचा जन्मजात धर्म आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास गाण्यातील केवळ ताल उरणारा तुकडा पुनःपुन्हा वाजवून हा प्रकार जन्मला, तेव्हापासून त्या तुकड्यावर बोलणारा माणूस स्वतःचे नाव गाजवीत आला आहे. त्याने आपण बिचकण्याचे कारण नाही. होनाजी, रामजोशी, सगनभाऊ यांच्या रचनांत शेवटी शाहिराचे नाव येतेच, आणि कलगी-तुऱ्याच्या सवालजवाबांत प्रतिपक्षाची जी संभावना होते, ती ऐकल्यास आजचे रॅपगायक सौम्य वाटतील. पण शाहिराची प्रौढी विद्वत्तेच्या कसोटीला लागत असे. कोडे घालावे लागे, सोडवावे लागे. ‘क्लास-सिख’मधील धमकीच्या आणि फुशारकीच्या जागा अशा कसोटीला लागत नाहीत. तेथे परदेशी साचा उघडा पडतो, इंग्रजी शब्दांचे प्रमाण वाढते, आणि ज्या द्वित्ताचा मी इतका गौरव केला ते केवळ दणका देण्यापुरते उरते. ‘क्लिक क्लॅक’ या रचनेचे शीर्षक तर निव्वळ ध्वन्यनुकरण आहे. ध्वनीवर एवढी हुकमत असलेल्या गायकाने ध्वनीची नक्कल करावी, हे मला त्याच्या सामर्थ्याचा अपव्यय वाटते.

शाहिरांचे नाव निघाले म्हणून ॲकवर्थसाहेबांची आठवण होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी पोवाडे जमवून १८९१ साली छापले नसते, तर त्यांतील कित्येक आज नष्ट झाले असते. १८९४ साली त्यांनी पोवाड्यांचे इंग्रजी पद्य अनुवादही प्रसिद्ध केले. ते इंग्रजी बॅलडच्या वळणाचे आहेत, वाचनीय आहेत, आणि त्यांत डफ कोठेही ऐकू येत नाही. माझ्या वहीतील प्रभदीपच्या अनुवादाची जात तीच होय.

तो अनुवाद ‘कल’ या रचनेचा होता. हिंदी-पंजाबीत ‘कल’ म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. हे ज्याचे त्याने संदर्भाने ओळखावयाचे असते, आणि गाणाऱ्याला संदर्भ लांबणीवर टाकता येतो. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ असे दोन निराळे शब्द असल्याने निवड करणे भागच पडते. पहिल्या खर्ड्यात मी ‘काल’ लिहिले. महिन्याभराने ते खोडून ‘उद्या’ लिहिले. सध्या त्या जागी मूळचा ‘कल’ तसाच ठेवला आहे. मराठीत त्याचा अर्थ झुकाव असा होतो, आणि तो अर्थही तेथे अगदीच परका वाटत नाही.