जीर्णोद्धार की प्रक्षेप?

शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ही गोष्ट मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. जवळजवळ तीनशे वर्षांच्या अवधीत, नकला उतरणाऱ्यांच्या अनवधानाने व भाविकांच्या अतिउत्साहाने त्या ग्रंथात जे अपपाठ शिरले होते, ते नाथांनी दूर केले. आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असा स्पष्ट इशाराही देऊन ठेविला. नाथ स्वतः थोर कवी होते. मोकळ्या जागी आपली ओवी बसविणे त्यांस कठीण नव्हते. परंतु जीर्णोद्धार करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आपला हात आवरणे हे होय, हे त्यांनी ओळखले होते.

पैठणास हे कार्य झाले त्याच शतकात वसईच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आपला कोट उभारीत होते. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ साली वसई त्यांच्या हाती आली, आणि पुढे दोन शतके तेथे तटबंदी, मठ, चर्चे व वाडे यांचे एक समृद्ध नगर नांदले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ते जिंकले. आज ही वास्तू कायद्याने संरक्षित आहे आणि तिची डागडुजीही अधूनमधून होत असते. या डागडुजीविषयी स्थानिक इतिहासप्रेमी मंडळींनी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. त्यांत तथ्य किती हे पाहावे, म्हणून पावसाळा सरल्यावर आम्ही एक दिवस कोटात घालविला.

जे दिसले ते सांगतो. जुन्या तटाचे दगड आकाराने सारखे नाहीत, परंतु त्यांची बसवणूक अशी की एकाचा भार दुसऱ्याने सहज पेलावा. दरजांत भरलेला चुना शतकानुशतके वारापाणी खाऊनही दगडास बिलगून आहे. याच्या शेजारीच दुरुस्त केलेला एक भाग पाहिला. तेथे दरजा करड्या रंगाच्या कठीण लेपाने भरल्या होत्या. तो लेप दगडांच्या तोंडावर पसरला होता, आणि एके ठिकाणी तर बोटाने ढकलताच त्याची खपली हाती आली. आतून दगड ओलाच होता.

हा केवळ रूपाचा दोष नव्हे. चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो. तो दगडापेक्षा मऊ असतो आणि भिंतीत मुरलेल्या पाण्यास बाहेर पडू देतो. सिमेंट याच्या उलट स्वभावाचे. ते कठीण व बंद असल्यामुळे पाणी आत कोंडते. समुद्रकाठच्या भिंतीत त्या पाण्याबरोबर खार असतोच. पाणी वाटेल तेथून सुकू लागले, की खाराचे स्फटिक बनतात आणि दगडाचा पृष्ठभाग फोडतात. अर्थात, ज्या दरजेने झिजून दगड वाचवावयाचा, तीच टिकून राहते आणि दगड झिजतो.

येथे कोणी म्हणेल, की मग तट तसाच पडू द्यावा काय? मुळीच नाही. वडापिंपळाची मुळे दरजांत शिरली, की ती कोणाच्या मतांची वाट पाहत नाहीत. डागडुजी हवीच, नाथांनीही ग्रंथ तसाच टाकून दिला नव्हता. प्रश्न आहे तो पद्धतीचा. सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली आपल्या नियमपुस्तिकेत जुन्या वास्तूचे जतन हे मुख्य व नवनिर्मिती गौण असे ठरवून दिले. तत्त्वांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो चुना विरविणाऱ्या, घाणीत मळणाऱ्या आणि दरज भरल्यावर तिला धीराने ओलावा देणाऱ्या गवंड्यांचा. काम सर्वांत कमी दराच्या निविदेस द्यावयाचे, मोजमाप चौरस मीटरवर घ्यावयाचे, आणि वर्षअखेरीच्या आत बिल चुकते करावयाचे, अशी रीत असता चुन्याला लागणारा वेळ कोण देईल? म्हणून आम्ही दोष त्या गवंड्यास देत नाही.

हातून गेलेली चूक किती दूरवर पोहोचते, याचे उदाहरण वसईच्याच दगडाने दाखविता येते. वसईच्या खाणींतील काळा दगड गोव्यास नेला जात असे. १६०५ साली पूर्ण झालेल्या, जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागावर तोच दगड वापरला आहे. त्या चर्चच्या बाकीच्या भिंती मात्र जांभ्याच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून, तो गिलावा उतरविला. तेव्हापासून उघडा जांभा दर पावसाळ्यात पाणी पीत आहे. हेतू चांगला, विद्याही होती. आवरता हात तेवढा नव्हता.

वसईत तर याहूनही मोठी हानी संभवते. हा तट परकीयांनी बांधला, पण सुरुंगांनी तो फोडणाऱ्या मराठी सैन्याचा इतिहासही त्याच दगडांत आहे. एका रंगाने, एका लेपाने सर्व भिंती सारख्या केल्या, तर बांधणाऱ्याचा हात कोणता, फोडणाऱ्याचा कोणता आणि पुन्हा सांधणाऱ्याचा कोणता, हे आमच्या नातवंडांस कसे कळावे? ज्या पोथीतील प्रक्षेप ओळखता येत नाहीत, तिच्या अस्सल ओव्यांवरही वाचकाचा विश्वास राहत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची छायाचित्रे प्रसिद्ध करावी. मजुरी मोजमापावर न देता कौशल्यावर द्यावी. आणि दुरुस्त भागी लहानसा दगड बसवून त्यावर साल व मसाला कोणता वापरला ते कोरावे. ही कल्पना आमची नव्हे. याच कोटातील सेंट जोसेफच्या प्रधान चर्चवर एक शिलालेख होता. तो दा कुन्हा यांनी आपल्या १८७६ च्या वसईविषयक ग्रंथात नोंदविला आहे. हे चर्च १६०१ साली नव्याने सुधारून बांधले, असे त्यात कामाच्या वेळच्या धर्माधिकाऱ्यांच्या नावांसह सांगितले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांस आपल्या दुरुस्तीखाली नाव घालावयास संकोच वाटला नाही. आजच्या दुरुस्तीखाली नाव घालण्यास कोणी पुढे येईल काय, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.