खानदेशाच्या एका वर्षाचा जमाखर्च

दिवाळीत जळगावच्या सराफ बाजारात आणि धुळ्याच्या आडतींवर वहीपूजन होते. नवी वही उघडण्यापूर्वी व्यापारी जुन्या वहीतल्या जमेकडे पाहतो, तसाच खर्चाकडेही पाहतो. सार्वजनिक जीवनाचा असा ताळा आपण क्वचितच मांडतो. खानदेशापुरता तो मांडावा असे अलीकडचे वर्ष म्हणजे २०२४. हे वर्ष उत्सवाचे होते खरे. पण उत्सव झाला म्हणजे जमा झाली, असे मात्र नाही.

जमेकडची कलमे ठळक आहेत. फेब्रुवारीत अमळनेरला ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि त्याच सुमारास त्याच गावी विद्रोही साहित्य संमेलनही झाले. उन्हाळ्यातल्या लोकसभा निवडणुकीत जळगाव, रावेर आणि धुळे या तिन्ही मतदारसंघांनी स्त्रियांनाच निवडून दिले: स्मिता वाघ, रक्षा खडसे आणि शोभा बच्छाव. पहिल्या दोघी एका पक्षाच्या, तिसरी त्याच्या विरोधातली. तेव्हा ही एखाद्या लाटेची करणी म्हणता येत नाही. ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

क्रीडेच्या पानावर मात्र मौज आहे. जूनमध्ये रक्षा खडसे केंद्रात क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री झाल्या आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले ते कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी पदक जिंकल्यावर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाते खानदेशाकडे आणि पदक कोल्हापूरकडे! आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांची दंगल होते, फेटे उडतात. पण त्या आखाड्यातून तालमीपर्यंत आणि तालमीतून मैदानापर्यंत जाणारी वाट कोणी बांधावी, हा प्रश्न सत्काराच्या हारांखाली झाकला जातो.

१९५२चा उल्लेख मी मुद्दाम केला. अमळनेरला याआधीचे संमेलन त्याच साली, भाषाशास्त्रज्ञ कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. त्याच साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. आसोद्याची ती निरक्षर शेतकरीण १९५१च्या डिसेंबरातच गेली होती. अमळनेरच्या मांडवातली भाषणे आज किती जणांच्या स्मरणात आहेत? गाणी मात्र घरोघर पोहोचली आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले. संमेलन म्हणजे पाहुणचार. तो उत्तमच करावा. पण प्रदेशाची पुंजी वाढते ती त्याने स्वतः काय निर्माण केले यावरून.

बहिणाबाईंची बोली लेवा समाजाची. धुळ्याकडची अहिराणी तिच्याहून वेगळी. या अहिराणीचे २०२४मध्ये काय झाले, हे माझ्या वहीतले खरे कलम. ग्रियर्सनने १९०७च्या आपल्या खंडात खानदेशीला मराठीबरोबर न ठेवता भिल्ल भाषांबरोबर बसवले. जनगणनाही खानदेशीची नोंद मराठीहून वेगळी करते. तो आकडा २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार होता. २०११ साली १८ लाख ६० हजारांवर आला. दहा वर्षांत खानदेशी माणसे कमी झाली असे मला वाटत नाही. ‘माझी भाषा ही’ असे लिहून देणारी कमी झाली असावीत. म्हणजे मराठीच्या घरी तोरण लागले तेव्हा अहिराणी ओसरीवर उभी होती: सरकारी कागदांत घरची नव्हे आणि स्वतःच्या माणसांच्या तोंडी परकी होऊ लागलेली.

कोणी म्हणेल, अहिराणी तर जोरात आहे. तिची गाणी मोबाइलवर वाजतात, वरातीत नाचवतात, उमेदवारही मते मागताना तीच बोलतो. मान्य. पण मत मागून झाले की तो उमेदवार कामकाजासाठी प्रमाण मराठीकडे वळतो. जी भाषा हसवायला आणि नाचवायला लागते, पण तक्रार मांडायला, हिशेब विचारायला, विचार करायला लागत नाही, ती लाडकी असेल, प्रतिष्ठित नव्हे. घरी ‘शे’ म्हणणारे मूल शाळेत ‘आहे’ म्हणायला शिकते, ते त्याने शिकावेच. पण ‘शे’ म्हणण्याची लाज त्याने त्याबरोबर शिकू नये.

डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश करून ठेवला आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या मागे धुळ्याने १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभारले आणि कागद जपले. जपण्याची सवय या मातीला आहे. आता हवे ते लिहिणे: अहिराणीतले गद्य, तिच्यातली कथा आणि त्या कथेवर कठोरपणे लिहिणारा टीकाकार. संमेलनाचे यश मी मोजीन ते यावर. तूर्त माझ्या वहीत मान जमेकडे मांडला आहे आणि भाषा येणे बाकी.